सिलेक्शन डे
अरविंद अडिगा यांची इंग्रजी कादंबरी (२०१६). मुंबईतील दहिसरच्या झोपडपट्टीत कुमार कुटुंब राहते. चटणी विकणाऱ्या मोहन कुमारने राधा आणि मंजू या मुलांना जगातले अव्वल फलंदाज करायचा चंग बांधला आहे. त्यांनी दाढी कधी करावी, हेसुद्धा तोच ठरवतो. धाकटा मंजू मोठ्या भावाला मागे टाकतो, पण त्याचा ओढा गुन्हे उकलणाऱ्या विज्ञानाकडे. डब्ल्यू. पी. किन्सेला यांच्या ‘शूलेस जो’ (१९८२) या बेसबॉलवरील कादंबरीत आयोवाचा शेतकरी मक्याच्या शेतात मैदान आखतो, तो स्वतःच्या ध्यासापायी. इथे स्वप्न बापाचे आणि घाम पोरांचा. कादंबरीचा जीव या दुखऱ्या जागेत आहे. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर तिच्यावर आधारित मालिका आली.