आठवड्यातून एकदा येणारी शाळा

दूरशिक्षण म्हटले की टपालाने येणारे पाठ आणि एकट्याने अभ्यास करणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे येतो. ज्याला वाचता येते, आपले आपण शिकता येते, त्याच्यासाठीच ही सोय आहे असे आपण धरून चालतो. मग बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला दुरून शिकवायचे कसे? हा प्रश्न जुना आहे आणि आपल्या खेड्यांशी त्याचा जवळचा संबंध आहे.

अशा मुलांच्या शाळा आधी शहरांत निघाल्या. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केलेल्या कामातून जय वकील शाळा उभी राहिली. पुण्यात १९६४ साली कामायनी सुरू झाली. आता बुलढाणा जिल्ह्यातील, मोताळा तालुक्यातले धामणगाव बढे डोळ्यांपुढे आणू. तेथल्या शेतमजूर आईबापांनी मुलाला शहरातल्या शाळेत रोज न्यावे-आणावे कसे? वसतिगृहात ठेवावे, तर मूल घराला दुरावते. मूल शाळेपर्यंत पोचत नसेल, तर शाळेनेच घरी जायला हवे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातही हीच अडचण होती. वस्ती विरळ आणि गावे दूरदूर. तेथील पोर्टेज या गावात १९६९ साली एक प्रकल्प सुरू झाला. शिक्षक आठवड्यातून एकदा घरी जाई. रोजचे शिकवणे मात्र आईवडिलांकडे असे. सोबतीला जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या ५८० कौशल्यांची यादी होती. दूरशिक्षणाचा खरा विद्यार्थी येथे मुलाइतकाच पालकही होता.

पद्धत साधी, पण काटेकोर. समजा, सदरा घालायला शिकवायचे आहे. या कामाचे लहान लहान टप्पे पाडायचे. सुरुवातीला आईने सगळे करायचे, फक्त शेवटची बाही ओढणे मुलावर सोडायचे. ते जमले की त्याच्या आधीचा टप्पा. अशा रीतीने प्रत्येक वेळी काम मुलाच्याच हातून पुरे होते, आणि तेच त्याचे बक्षीस ठरते. शिक्षक आधी मुलाला काय येते ते मोजतो, आईला करून दाखवतो, तिच्याकडून करवून घेतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजतो. ‘मठ्ठ’, ‘हुशार’ या शब्दांचे येथे काम नाही. दहापैकी किती वेळा जमले, एवढीच नोंद.

भारतातही अशी साधने तयार झाली. मद्रासच्या ‘विजय ह्यूमन सर्व्हिसेस’ने केलेल्या मापन-यादीत १८ क्षेत्रांतील प्रत्येकी २० अशी ३६० कौशल्ये आहेत. सिकंदराबादला १९८४ साली राष्ट्रीय मानसिक अपंग संस्था स्थापन झाली. तिचेही एक काम पालकांना प्रशिक्षण देणे हे होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात खुल्या शाळांमार्फत शिक्षण देण्याची तरतूद आली. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला.

२०२० च्या टाळेबंदीत सारे शिक्षण मोबाइलवर गेले, तेव्हा जुनाच धडा पुन्हा समोर आला. पडद्यावरचा पाठ मुलाचा हात धरून बाही ओढत नाही. ते घरातल्याच कोणीतरी करावे लागते. त्या माणसाला शिकवले, तरच दूरशिक्षण पोचते.

पण येथे एक धोका आम्हांला दिसतो. घरी शिकण्याचा पर्याय म्हणजे वर्गातून सुटका, असा अर्थ सोयीने लावता येतो. मूल पटावर असते, पण त्याला कोणी पाहिलेले नसते. कायद्याने दिलेला पर्याय मुलाचा आहे, शाळेचा नव्हे. म्हणून आपल्या पटावर असे एक जरी नाव असेल, तर आधी त्या घरी जावे. आईला दोनच प्रश्न विचारावेत: त्याला आज काय करता येते? आणि त्याच्या पुढची लहानात लहान पायरी कोणती? उत्तर वहीत तारखेसह लिहावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.