बेळगावचे मिस्त्री आणि ताऱ्याची गाडी

बेळगावच्या आठवणी निघाल्या की किल्ला, मिलिटरी आणि कुंदा यांवर भरभरून लिहिलं जातं. गॅरेजवर कुणी लिहीत नाही, म्हणून आज थोडं तेच.

१९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. करार १५ वर्षांचा होता. १९६९ला तो संपला आणि नाकावरच्या ताऱ्याच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. तोवर, डिसेंबर १९६१मध्ये, गोवा मुक्त झाला होता आणि मालाला वाट मोकळी झाली होती. खानापूर, लोंढा, रामनगर करत भाजीच्या गाड्या अनमोड घाट उतरायच्या. ताऱ्याच्या जुन्या गाड्याही त्यांत बरीच वर्षं होत्या.

आमच्या काकांची अशीच एक होती. इंजिन दणकट, पण घाटात ब्रेकची धास्ती. उतारावर भार पुढच्या चाकांवर येतो, ड्रम तापतात आणि लायनरची पकड सुटते. त्यात ब्रेक ऑइलची लाइन एकच. एक पाइप फुटला की संपलंच. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती आणि घर तर त्याच गाडीवर चालायचं.

मग भंगारात निघालेल्या नंतरच्या मॉडेलचा पुढचा एक्सल आणला. रुंद ब्रेक शू, मोठे ड्रम, पाटे, शॉकप, सगळं त्याच गाडीचं. मिस्त्रींनी पाना उचलायच्या आधी टेप लावला. पाट्यांच्या बैठकांमधलं अंतर चेसिसशी जुळतं का, सेंटर बोल्ट जागेवर येतो का, जुन्या रिमा नव्या हबवर बसतात का, सगळं मोजलं. ड्रॅगलिंकची उंची चुकली तर गाडी खड्ड्यात दबताच स्टेअरिंग ओढतं, म्हणून तेही दोनदा तपासलं. किंगपिनचे बुश उद्यमबागेत लेथवर करून घेतले. एक्सलला मात्र वेल्डिंगचा ठिपकाही लागू दिला नाही. तापवलेलं पोलाद घाटात दगा देतं, म्हणायचे.

त्यांचं एक वाक्य घरात अजून चालतं: “ब्रेक सुटा आणायचा नाही, एका घरचाच आणायचा.” मोठ्या शूंना तेल जास्त लागतं. जुनाच मास्टर सिलेंडर ठेवला तर पेडल तळाला जातं. म्हणून दोन लायनींचा मास्टर सिलेंडर आणि बूस्टरही बदलला. मागचे लायनर नव्याने मारून घेतले, नाहीतर सगळा जोर पुढेच पडला असता. मग पासिंग, आधी रिकामी फेरी, मग अर्धा माल, आणि त्यानंतरच घाट. पुढे कित्येक वर्षं ती गाडी गोव्याला जाऊन येत राहिली.

मिस्त्री मराठी, ड्रायव्हर कन्नड, लायनर मारणारे चाचा उर्दू बोलणारे. बाहेर सीमेवरून वाद तापलेला असला, तरी गाडीखाली झोपलेल्या माणसाला पाना कुठल्याही भाषेत मागता यायचा.

या लोकांनी काही लिहून ठेवलं नाही. मापं त्यांच्या डोक्यात होती, ती त्यांच्याबरोबरच जातायत. तुमच्या घरात कुणी मिस्त्री, ड्रायव्हर, क्लीनर असतील तर त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा.