गोसीखुर्द–पवनी परिसर

गोसीखुर्द–पवनी परिसर : महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्यातील वैनगंगाकाठचा प्रदेश. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे नदीवर इंदिरासागर हे मोठे धरण असून त्याच्या खालच्या अंगाला काही किलोमीटरवर पवनी हे तालुक्याचे प्राचीन नगर वसले आहे. वरच्या अंगाला, जलाशयाच्या दुसऱ्या टोकाशी, आंभोऱ्याचा नदीसंगम आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे बौद्ध शिल्प, नदीवरचे घाट व देवळे, कोसा रेशीम आणि हातमाग, झाडीपट्टीची नाटके, धानाची शेती आणि विसाव्या शतकातले धरण हे सारे येथे एका नदीच्या आधाराने उभे आहे. केवळ धरण पाहून परतण्याची रीत रूढ असली, तरी हा परिसर नीट पाहण्यास किमान दोन दिवस लागतात.

स्थान व मार्ग : पवनी हे भंडाऱ्याच्या दक्षिणेस सुमारे ५० किमी. आणि नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ८० ते ८५ किमी. अंतरावर आहे. नागपूरहून उमरेड व भिवापूरमार्गे, तर भंडाऱ्याहून अड्याळमार्गे पवनीस जाता येते. दोन्ही मार्गांवर राज्य परिवहनाच्या बसगाड्या धावतात. मुंबई–हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड हे स्थानक भंडारा शहराजवळ वरठी येथे आहे. नागपूर–नागभीड या अरुंद मार्गावर पवनी रोड नावाचे स्थानक होते. रुंदीकरणासाठी त्या मार्गावरील गाडी २०१९ मध्ये थांबविण्यात आली. आंभोरा, धरण, पवनी आणि उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्य ही ठिकाणे एकमेकांपासून दूर असल्याने स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन असणे सोयीचे ठरते.

नदी : वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावते. बालाघाट, गोंदिया व भंडारा हे जिल्हे ओलांडून ती दक्षिणेस वाहते आणि गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धेस मिळते. तेथून पुढचा प्रवाह प्राणहिता म्हणून ओळखला जातो. भंडारा जिल्ह्यात नदीचे पात्र रुंद व वाळूचे आहे. ढीवर, भोई व केवट समाजांचा मासेमारी आणि नाव वल्हविणे हा परंपरागत व्यवसाय असून पूल होण्यापूर्वी काठांवरच्या गावांचा परस्परांशी संबंध मुख्यतः त्यांच्या डोंग्यांवर अवलंबून होता. पवनीसारख्या नगराची भरभराट समजून घ्यायची तर हे नदीमार्ग व उतार ध्यानात घ्यावे लागतात. विदर्भातील वस्तीचा सलग प्रदेश आणि पूर्वेकडील दाट अरण्य यांच्या सीमेवर, नदी ओलांडण्याच्या जागी हे नगर वाढले.

प्राचीन पवनी : नगराच्या तीन बाजूंना मातीचा उंच परकोट व खंदक आणि उरलेल्या बाजूस नदी अशी पवनीची रचना आहे. परकोटाचे अवशेष आणि किल्ल्याचा दरवाजा आजही पाहता येतो. नगरालगतच्या जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये संयुक्तपणे उत्खनन केले. शां. भा. देव व जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख होते. त्यात मौर्य ते सातवाहन काळात टप्प्याटप्प्याने वाढविलेला विटांचा एक स्तूप उघडकीस आला. त्याचा व्यास सुमारे ४० मी. म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा आहे. पुढे १९९४ मध्ये अमरेंद्र नाथ यांच्या मार्गदर्शनाखाली येथे पुन्हा उत्खनन झाले.

स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे खांब ही पवनीची सर्वांत मोलाची देणगी होय. त्यांवर बोधिवृक्ष, रिकामे आसन, स्तूपपूजा आणि नाग कोरलेले आहेत. बुद्धाची मूर्ती न घडविता चिन्हांतून त्याचे अस्तित्व सुचविण्याची आरंभीची पद्धत या शिल्पांत दिसते. एका खांबावर मुचलिंद नाग असून त्याचे नाव ब्राह्मी लिपीत शेजारीच कोरले आहे. शिल्पाला असे नाव देण्याची पद्धत मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपावरही आढळते. त्यामुळे पवनीचे कारागीर मध्य भारतातील कलापरंपरेशी जोडलेले होते हे स्पष्ट होते. अनेक खांबांवर दात्यांची नावे आहेत. स्तूपाची उभारणी एकट्या राजाच्या खजिन्यातून न होता उपासक, उपासिका व भिक्षुसंघाच्या लहान लहान दानांतून झाली, हे या लेखांवरून कळते.

पवनीचे राजकीय महत्त्व पुढेही टिकून राहिले. भार वंशातील भगदत्त राजाचा शिलालेख, महाक्षत्रप रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ आणि वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट येथे सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या संशोधनामुळे यांतील काही लेख अभ्यासकांपुढे आले. पश्चिम भारतात सत्ता असलेल्या क्षत्रपांच्या एका महाक्षत्रपाचा स्तंभ वैनगंगेच्या काठी मिळावा, यावरून या नगराचे संबंध किती दूरवर पोचले होते याची कल्पना येते.

शिल्पे मूळ जागेवरून हलविण्यात आली असल्याने टेकडीवर मुख्यतः विटांचे बांधकाम व भूरचना दिसते. म्हणून प्रवासाचा आरंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयापासून करणे हिताचे आहे. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आणि ‘अजब बंगला’ या नावाने लोकांना परिचित असलेल्या या संग्रहालयात विदर्भातील प्राचीन शिल्पे व लेख जतन केलेले आहेत. ती आधी डोळ्यांखालून गेली, की पवनीची टेकडी बोलकी होते.

घाट व देवळे : देवळांच्या संख्येमुळे पवनीस ‘विदर्भाची काशी’ म्हटले जाते. वैजेश्वराचे देऊळ व त्यालगतचा दगडी घाट हे नदीकाठचे मुख्य ठिकाण असून महाशिवरात्रीस येथे गर्दी होते. नीलकंठेश्वर, मुरलीधर व दत्तात्रेय यांची देवळेही प्रसिद्ध आहेत. गावातील सर्वतोभद्र किंवा पंचमुखी गणेश हा विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक आहे. येथे नेहमीची एकमुखी बैठी मूर्ती नसून एकाच शिळेवर चहूबाजूंनी गणेशरूपे कोरलेली आहेत. अष्टविनायकांतील दुसरे एक स्थान, भृशुंड गणेश, भंडारा शहरालगत मेंढा येथे असल्याने दोन्हींचे दर्शन एकाच प्रवासात घडू शकते. घाट पाहण्यास सकाळची वेळ उत्तम. त्या वेळी जाळी घेऊन निघणारे ढीवर, स्नानास आलेले भाविक आणि कोवळे ऊन अशी नदीची रोजची राहाटी पाहावयास मिळते.

पवनीजवळच रुयाड येथे महासमाधीभूमी महास्तूप आहे. पञ्ञा मेत्ता संघाने जपानी बौद्धांच्या साह्याने उभारलेल्या या वास्तूचे उद्घाटन २००७ मध्ये झाले. तेथे दरवर्षी फेब्रुवारीत धम्म महोत्सव भरतो. जगन्नाथ टेकडीवरचा प्राचीन स्तूप आणि रुयाडचा नवा स्तूप एकाच दिवशी पाहिल्यास या भूमीशी असलेले बौद्ध परंपरेचे जुने व नवे नाते लक्षात येते.

हस्तकला : कोष्टी विणकरांमुळे पवनीचे नाव रेशीमकाठी वस्त्रांसाठी गाजले. भंडारा जिल्ह्यातील जंगलांत ऐन व अर्जुन या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढविल्या जातात. हे काम प्रामुख्याने ढीवर समाज करतो. या कोशांपासून काढलेल्या धाग्याची करवतकाठी साडी विदर्भाची ओळख बनली असून तिला भौगोलिक मानांकन लाभले आहे. करवतीच्या दात्यांसारखे काठ विणण्यासाठी काठाचे व अंगाचे धागे प्रत्येक फेरीत एकमेकांत अडकवावे लागतात. या कामात वेळ फार जातो आणि मोबदला कमी मिळतो. त्यामुळे हातमागांची संख्या घटत गेली. साडी थेट विणकराकडून किंवा सहकारी संस्थेकडून घेतल्यास पैसा त्याच्या हाती पोचतो. भंडारा शहराची पितळी भांडीही पूर्वीपासून ख्यात आहेत.

झाडीपट्टीची रंगभूमी : भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील जंगलव्याप्त भागास झाडीपट्टी म्हणतात. दंडार व खडी गंमत हे येथील जुने लोकनाट्यप्रकार. धानाची कापणी झाली की दिवाळीनंतर गावोगावी मंडई (जत्रा) भरते आणि नाटकांना सुरुवात होते. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत रंगते. प्रेक्षक मंडपात सतरंजीवर बसतात आणि गाण्यांना पेटी-तबल्याची साथ जिवंत असते. नाटक कंपन्यांचे मुख्य केंद्र वैनगंगेकाठीच गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) येथे आहे. सरकारी अनुदानाविना, तिकिटाच्या पैशावर शेकडो कलावंतांचे घर चालविणारी ही रंगभूमी महाराष्ट्रात वेगळीच आहे. ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याने तिची दखल देशपातळीवर घेतली गेली. गावातील शंकरपटाला (बैलांच्या शर्यतींना) जोडूनही नाटके ठेवण्याची प्रथा आहे. कोणत्या दिवशी कोणत्या गावात नाटक आहे, हे चौकांतल्या रंगीत फलकांवरून व पानटपरीवर चौकशी करून सहज कळते.

धरण : गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. प्रकल्पाचा मूळ अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. काम रेंगाळत गेले आणि खर्च अनेक पटींनी वाढला. २००९ मध्ये केंद्र शासनाने त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला. धरणास ३३ वक्राकार दरवाजे असून जलाशयाची एकूण साठवण क्षमता सुमारे १,१४६ दशलक्ष घनमीटर आहे. उजवा कालवा ९९ किमी. तर डावा कालवा सुमारे २३ किमी. लांबीचा आहे. उजव्या कालव्याचे पाणी चंद्रपूर जिल्ह्यातील आसोलामेंढा या जुन्या तलावापर्यंत नेण्याची योजना आहे. टेकेपार, आंभोरा, नेरला व मोखाबर्डी या उपसा सिंचन योजनाही प्रकल्पात येतात. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचनक्षमता निर्माण करणे हे प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे.

पावसाळ्यात दरवाजे उघडले असता धरणाचे दृश्य भव्य दिसते. परंतु त्या काळात खालच्या पात्रात उतरणे धोक्याचे आहे. विसर्ग वाढविण्यापूर्वी काठच्या गावांना इशारा दिला जातो. राज्य शासनाने जलाशयावर जलपर्यटन प्रकल्प हाती घेतला असून नौकाविहाराच्या सोयी त्याचा भाग आहेत.

या जलाशयाखाली भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे गेली. पुनर्वसन, वाढीव मोबदला आणि नव्या गावठाणांतील नागरी सुविधा यांसाठी प्रकल्पग्रस्तांनी दीर्घकाळ आंदोलने केली. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते. त्यामुळे पाण्याचा दर्जा खालावला, जलपर्णी माजली आणि मासेमारीवर व काठच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यावर परिणाम झाला. जलाशयाचे सौंदर्य पाहताना त्यासाठी कोणी काय दिले, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

आंभोरा : नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातील हे क्षेत्र वैनगंगा व कन्हान यांच्यासह पाच नद्यांचा संगम मानले जाते. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ असून जवळच हरिनाथांची समाधी आहे. कवी मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ येथे लिहिला, अशी विदर्भातील परंपरा आहे. मराठवाड्यातील अंबाजोगाईकडूनही हाच मान सांगितला जातो. ग्रंथाचे परंपरेने सांगितलेले वर्ष ११८८ हे आहे. येथे वैनगंगेवर बांधलेला तारांवर तोललेला पूल जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याच्या मनोऱ्यावर उंचावर काचेचे दर्शनदालन असून तेथून संगमाचा विस्तार एका नजरेत येतो. पुलामुळे कुही तालुका व भंडारा यांतील अंतर बरेच कमी झाले.

अभयारण्य : उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १८९ चौ. किमी. असून ते नागपूर व भंडारा जिल्ह्यांत पसरले आहे. ताडोबा आणि नागझिरा यांमधील वाघांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर असल्याने त्यास महत्त्व आहे. नागझिऱ्याहून येथे आलेला ‘जय’ हा वाघ देशभर गाजला. २०१६ पासून तो दिसला नाही. पावसाळ्यात सफारी बंद असते. इतर काळात वनविभागाच्या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करावी लागते.

खाद्य व मुक्काम : भात हे येथील मुख्य अन्न. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळास आणि वाटेवरील भिवापूरच्या मिरचीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नदीची व तलावांची मासळी, झिंगे, पातोडीचा रस्सा आणि झणझणीत सावजी मटण हे येथील आवडते पदार्थ होत. पवनीत मुक्कामाच्या सोयी मोजक्या आहेत. त्यामुळे भंडारा, उमरेड किंवा अभयारण्यालगतच्या निवासांचा विचार आधी करून ठेवावा.

दोन दिवसांचा क्रम : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा; हवा थंड असते, अभयारण्य उघडे असते आणि नाटकांचा हंगामही चालू असतो. पहिल्या दिवशी सकाळी नागपूरचे संग्रहालय, दुपारी कुहीमार्गे आंभोरा, पूल ओलांडून भंडारा, मेंढ्याचा गणेश आणि रात्री जवळच्या गावातील नाटक असा क्रम ठेवता येतो. दुसऱ्या दिवशी अड्याळमार्गे पवनीस येऊन घाट, पंचमुखी गणेश, जगन्नाथ टेकडी व विणकरवस्ती पाहावी. दुपारी रुयाड व धरण करून भिवापूर–उमरेडमार्गे नागपूर गाठावे. सफारी करायची असल्यास तिसरा दिवस राखून ठेवावा लागतो. वेळ एकाच दिवसाचा असेल तर धरणाऐवजी पवनीस अधिक वेळ देणे योग्य. कारण धरणे महाराष्ट्रात अनेक आहेत, पण सांचीच्या तोडीचा स्तूप आणि विदर्भातील आद्य शिल्पकला यांची भूमी पवनी हीच आहे.