आरएस-४८५: तार मोकळी करण्याची नेमकी वेळ

कारखान्यातील वीजमीटर, तापमान नियंत्रक, पंपांचे ड्राइव्ह अशी अनेक उपकरणे तारांच्या एकाच जोडीवर जोडण्याची सोय आरएस-४८५ या मानकाने करून दिली. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९८३ साली प्रसिद्ध केलेले हे मानक प्रमाणित भाराची ३२ उपकरणे आणि कमी वेगात सुमारे १२०० मीटर लांबीची तार गृहीत धरते. तारांची जोडी एकच असल्यामुळे एका वेळी एकाच उपकरणाने बोलायचे, इतरांनी ऐकायचे. परंतु हे मानक केवळ विद्युत गुणधर्म ठरवते. बोलण्याची पाळी कोणाची, हे पाहण्याचे काम उपकरणातील सॉफ्टवेअरकडे येते.

त्यासाठी ‘मॅक्स-४८५’सारख्या ट्रान्सीव्हर चिपवर ‘डीई’, म्हणजे ड्रायव्हर एनेबल, ही पिन असते. ती उच्च पातळीवर असताना चिप तारेवर संदेश सोडते. निम्न पातळीवर येताच चिपचा ड्रायव्हर तारेपासून अलिप्त होतो. पाठवण्यापूर्वी डीई चालू करण्यात फारसे कौशल्य नाही. ती बंद केव्हा करावी, यातच बहुतेक प्रकल्पांचे दिवस वाया जातात.

याचे कारण सिरीयल पोर्टच्या रचनेत आहे. प्रोग्रॅमने दिलेला बाइट प्रथम डेटा रजिस्टरमध्ये जातो, तेथून शिफ्ट रजिस्टरमध्ये उतरतो आणि मग एकेक बिट बाहेर पडतो. ‘डेटा रजिस्टर रिकामे’ हा फ्लॅग उभा राहतो तेव्हा शेवटचा बाइट नुकताच शिफ्ट रजिस्टरमध्ये शिरलेला असतो. ९६०० बॉड वेगाला, १० बिटांच्या हिशेबाने, तो बाहेर पडण्यास अजून १.०४ मिलिसेकंद लागायचे असतात. त्याच क्षणी डीई बंद केली, तर हा बाइट तुटतो. मॉडबस आरटीयूमध्ये संदेशाचे शेवटचे दोन बाइट तपासणीचे असल्याने ऐकणारे उपकरण संपूर्ण संदेश टाकून देते आणि काहीच उत्तर देत नाही. तंत्रज्ञ मग बिचाऱ्या तारा तपासत बसतो!

म्हणून ‘प्रेषण पूर्ण’ हा वेगळा फ्लॅग पाहावा. एसटीएम-३२ मध्ये ‘टीएक्सई’ऐवजी ‘टीसी’, एव्हीआरमध्ये ‘यूडीआरई’ऐवजी ‘टीएक्ससी’. जुन्या १६५५० चिपमध्ये ‘टीईएमटी’ हा बिट आहे, पण त्याचा इंटरप्ट नाही. तो पुन्हा पुन्हा वाचावा लागतो.

उशीरही चालत नाही. मॉडबस आरटीयूमध्ये दोन संदेशांमध्ये किमान साडेतीन अक्षरांइतकी शांतता असावी लागते. ११ बिटांच्या अक्षराला ९६०० बॉडवर ती सुमारे ४ मिलिसेकंद होते, तर १९२०० पेक्षा अधिक वेगाला १.७५ मिलिसेकंद धरण्याची शिफारस आहे. तेवढ्यात तार मोकळी झाली नाही, तर येणाऱ्या उत्तराची सुरुवात आपल्याच ड्रायव्हरखाली दडपली जाते. लिनक्सवर सामान्य प्रोग्रॅममधून डीई हलवल्यास ही मर्यादा सहज ओलांडली जाते, कारण प्रोग्रॅमला प्रोसेसर केव्हा मिळेल याची शाश्वती नसते. कर्नलमध्ये यासाठी ‘टीआयओसीएसआरएस४८५’ ही आज्ञा आहे; ज्या पोर्टचा ड्रायव्हर तिला पाठबळ देतो, तेथे तीच वापरावी. एसटीएम-३२ च्या नव्या मालिकांत तर हार्डवेअर स्वतःच डीई हाताळते, आणि आमच्या मते सोय असेल तेथे दुसरा विचारच करू नये.

वेळ साधली की नाही, हे ऑसिलोस्कोपवर दोन वाहिन्यांनी पाहावे: डीईची उतरण शेवटच्या स्टॉप बिटानंतरच दिसली पाहिजे.

एक रेझिस्टर मात्र कोणी विसरू नये. मायक्रोकंट्रोलर रीसेट होताना त्याच्या बहुतेक पिना तरंगत्या असतात. डीई पिनेवर जमिनीकडे ओढणारा पुल-डाउन रेझिस्टर नसेल, तर त्या काळात ड्रायव्हर चालू होऊ शकतो, आणि एका अडकलेल्या कार्डामुळे तारेवरील बाकीची ३१ उपकरणे मुकी होतात.