आधीच ठरलेला कर्ता : कोकणकिनारा आणि संशयाची संहिता

नागोठण्याचा जुना दगडी पूल १५८२ च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीनाने बांधला, असे वसाहतकालीन गॅझेटियर सांगते. अंबेच्या खाडीतून गलबतांनी वर येणारा माल येथे उतरे आणि घाटाच्या दिशेने जाई. पुढे खाडीचे महत्त्व ओसरले व रोहे तालुक्यातले, पेणच्या सीमेलगतचे हे गाव मुंबई-गोवा महामार्गावरचे ठाणे बनले. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या किनाऱ्यावरून मुंबईकडे रस्त्याने काही न्यावयाचे तर माणगाव, कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण ही वाट नेहमीची. १९९३ च्या प्रारंभी दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली, १२ मार्चला मुंबईत स्फोट होऊन २५७ माणसे मेली, आणि मग या वाटेवरील गावांकडे, विशेषतः त्यांतील मुसलमान मोहल्ल्यांकडे, पाहण्याची दृष्टी पालटली. शतकानुशतके मासेमारी, तांडेलकी, शेती करणारा, पुढे बोटीवर आणि आखातात नोकरीला जाणारा, घरात मराठी-कोकणीच्या मिश्र बोलीत बोलणारा कोकणी मुसलमान हा एका विशिष्ट वाचनाचा विषय झाला. हे वाचन कसे घडते, हा इतिहासाचा प्रश्न आहे तितकाच अर्थनिर्णयनाचाही आहे.

संस्कृत शास्त्रकारांनी लक्षणेचे एक ठरावीक उदाहरण दिले आहे : ‘भाले आत शिरत आहेत’. भाले स्वतः शिरत नाहीत, भालेकरी शिरतात. भाल्यावरून भालेकऱ्याचा बोध होतो. संशयाच्या भाषेत एक पाऊल पुढे टाकले जाते. भाल्यावरून भालेकरी, भालेकऱ्यावरून त्याची जात वा धर्म, आणि मग जातीवरून पुन्हा भाला, असा उलटा प्रवास सुरू होतो. हा दुसरा प्रवास शास्त्राला मान्य होण्याजोगा नाही, कारण त्यात मुख्यार्थाचा बाध होत नाही. मुख्यार्थाची चौकशीच होत नाही. भाला दिसला नाही तरी तो असणार, असे गृहीत धरले जाते.

या प्रवासाचा वसाहतकालीन पूर्वावतार ध्यानात घेतल्याखेरीज १९९३ नंतरची भाषा नीट उलगडत नाही. त्या काळी संशयाचे लक्ष्य वेगळे होते. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी सापडण्यापूर्वीच सरकारने कारस्थान कोणाचे हे ठरवले होते. नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली चौकशीवाचून स्थानबद्ध केले गेले आणि जादा पोलिसांचा खर्च शहराच्या माथी मारण्यात आला. चापेकर बंधू प्रत्यक्षात चित्पावन निघाले, ही गोष्ट गृहीतकाला पुरावा म्हणून उपयोगी पडली. १९१० साली व्हॅलेंटाइन चिरोल यांनी हिंदुस्थानातील असंतोषावर पुस्तक लिहिले, त्यात चित्पावनांचा ब्रिटिशद्वेष हे एक स्पष्टीकरणसूत्र म्हणून येते. १९१८ च्या रौलट समितीचा अहवालही मुंबई इलाख्याची कथा याच ब्राह्मणांपासून सुरू करतो. पेशवे या जातीचे होते, सत्ता गेल्याचा सल त्यांच्या मनात होता, म्हणून ते कारस्थानी : तर्क इतका सरळ होता. त्याच इलाख्यातील असंख्य चित्पावन कारकून, मामलेदार आणि शिक्षक सरकारची नोकरी इमानाने करीत होते, ही बाब तर्कात बसत नव्हती, म्हणून ती वगळली गेली.

पेशव्यांचे भट घराणे मूळचे श्रीवर्धनचे. शेखाडी त्याच तालुक्यात. एकाच किनाऱ्याने दोन शासनांना दोन ‘संशयित जमाती’ पुरवल्या, असे म्हणण्याचा मोह होतो. पण किनाऱ्याने काही पुरवले नाही. दोन्ही वेळी वाचकांनी ते वाचले.

शब्दांचा इतिहासही येथे बोलका आहे. पनवेलजवळच्या शिरढोण येथे जन्मलेले वासुदेव बळवंत फडके सरकारी कागदांत दरोडेखोर आहेत व मराठी चरित्रवाङ्मयात आद्य क्रांतिकारक. त्यांच्याबरोबर लढलेल्या रामोशांच्या वाट्याला मात्र क्रांतिकारक हे पद अभावानेच आले; गुन्हेगार जमातींच्या कायद्याने तयार केलेली जन्मजात गुन्हेगारीची कल्पना अशा जातींभोवती फिरत राहिली, आणि तो कायदा १९५२ पर्यंत रद्द झाला नाही. १९२० च्या सुमारास मराठीत हिंसक राजकारणाला ‘अत्याचार’ आणि गांधीप्रणीत मार्गाला ‘अनत्याचारी’ म्हणत. या शब्दांत कृतीचे वर्णन आहे; कर्त्याचे कुळ नाही. पंजाबातील घडामोडींबरोबर वृत्तपत्रांत रुळलेला ‘अतिरेकी’ आणि नंतर सर्वत्र पसरलेला ‘दहशतवादी’ हे शब्द व्युत्पत्तीने तितकेच निरपेक्ष आहेत. व्यवहारात मात्र त्यांच्यामागे एक अध्याहृत विशेषण उभे असते आणि ते उच्चारावेही लागत नाही. दरम्यान जानेवारी १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळाली. एका गटाच्या कृत्याचे देणे जातीने द्यावयाचे, हे तत्त्व त्या वेळी परकीय सरकारचे नव्हते.

१९९३ च्या खटल्याची कागदपत्रे या अध्याहृत विशेषणाच्या विरोधात जातात, आणि त्यांच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ९ जानेवारीला दिघीहून निघालेला माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवला होता. तो लाच ठरवून सोडून देण्यात आला. रोकड पुरी पडेना म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवण्यात आल्या. कस्टम खात्याचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांच्यासह त्या खात्याचे अनेक अधिकारी व श्रीवर्धनच्या पोलिसांपैकी काही जण विशेष न्यायालयात दोषी ठरले. त्यांत हिंदू होते तसे मुसलमानही. उतरवणी करून देणाऱ्या स्थानिक दलालांतही एकाच धर्माचे लोक नव्हते. १२३ आरोपींपैकी १०० जण दोषी ठरले, २३ सुटले. कटाचे सूत्रधार आणि स्फोटके पेरणारे बहुतांशी मुसलमान होते, हे नाकारण्याचे कारण नाही. तसे नाकारणे म्हणजे बळींची थट्टा होईल. पण किनारा उघडा राहिला तो चांदीच्या तस्करीने वर्षानुवर्षे पोसलेल्या एका लाचखोर व्यवस्थेमुळे, आणि त्या व्यवस्थेला धर्म नव्हता. लोकप्रिय कथनाने मोहल्ला उचलला, कस्टमची चौकी उचलली नाही. चौकीत नाट्य कमी असते हे एक कारण झाले. चौकीतला माणूस ‘आपला’ असतो हे दुसरे.

स्फोटांच्या आधीच्या डिसेंबर-जानेवारीतील मुंबईच्या हिंसेला भाषेने ‘दंगल’ हे नाव दिले. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात तिच्यातील मृतांची संख्या ९०० दिली : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, उरलेले अन्य व अज्ञात. दंगलीत दहशत नसते काय? दंगल उसळते, पेटते, आटोक्यात येते. तिची क्रियापदे निसर्गाची आहेत. स्फोट घडवला जातो. कर्ता कोठे व्याकरणातून गळतो आणि कोठे ठळक होतो, यात एका समाजाची राजनीती वाचता येते.

मालेगावने हा प्रश्न अधिक अवघड केला. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांत बळी पडलेले बहुतेक मुसलमान होते आणि पकडले गेलेलेही मुसलमान. विशेष न्यायालयाने त्यांना एप्रिल २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ च्या दुसऱ्या स्फोटानंतर हिंदू संघटनांशी संबंधित व्यक्तींना अटक झाली आणि ‘भगवा दहशतवाद’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. जुन्या गृहीतकाला कंटाळलेल्यांना तो दिलासा वाटला. पण व्याकरण तेच राहिले, केवळ विशेषण बदलले. ३१ जुलै २०२५ रोजी त्या खटल्यातील सातही आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्याच्या दहा दिवस आधी, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकलगाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात दोषी ठरवलेल्या १२ही जणांना निर्दोष ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही, मात्र तो निकाल इतर खटल्यांत दाखला मानला जाऊ नये म्हणून त्याला स्थगिती दिली. या दोन निकालांपैकी एकावर आनंद आणि दुसऱ्यावर संताप व्यक्त करणाऱ्यांच्या प्रतिक्रिया शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्ही बाजूंना निकालपत्र वाचण्याची निकड भासलेली फारशी दिसत नाही.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या परिसरात, शेखाडीपासून फार दूर नसलेल्या किनाऱ्यावर, एक बेवारस नौका आढळली. तीत तीन एके-४७ बंदुका व काडतुसे होती. दहीहंडीच्या आदल्या दिवशी सापडलेल्या या नौकेचा अर्थ काय, हे दूरचित्रवाणीने लगेच लावून टाकले. मग त्याच दिवशी विधिमंडळात सांगण्यात आले की नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती, मस्कतहून युरोपकडे जाताना जूनमध्ये तिचे इंजिन बिघडले, खलाशांना एका कोरियन जहाजाने वाचवले आणि रिकामी नौका भरकटत येथवर आली. तोवर रायगड जिल्ह्यात नाकाबंदी लागली होती.