स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी : बालकांचे पोषण आणि वाढ

स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी अर्थात एस.एम.ए. या आनुवंशिक विकाराने ग्रस्त बालकांच्या पोषणाचा विचार करताना वजनकाटा आणि वाढीचा तक्ता ही नेहमीची दोन्ही साधने दिशाभूल करू शकतात. तक्त्यावर कुपोषित दिसणाऱ्या बालकाच्या शरीरात चरबीचे प्रमाण पुरेसे असू शकते, तर पाहणाऱ्याला 'अंगाने छान भरलेले' वाटणारे बालक प्रत्यक्षात गरजेपेक्षा अधिक स्थूल असू शकते.

या विकाराचे पहिले वर्णन ऑस्ट्रियातील गुइडो वेर्डनिग यांनी १८९१ मध्ये, तर जर्मनीतील योहान हॉफमन यांनी त्यानंतर दोन वर्षांनी केले. त्यास कारणीभूत असलेले, पाचव्या गुणसूत्रावरील एस.एम.एन.-१ हे जनुक १९९५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी शोधून काढले. या जनुकाअभावी मेरुरज्जूतील, स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जातात आणि स्नायू दुर्बल होऊन आक्रसतात. साधारणपणे दहा हजार जन्मांमागे एका बालकास हा विकार होतो. बहुतेक वेळा माता व पिता दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात. मात्र त्यांना स्वतःला कोणताही त्रास नसतो. मराठीत यासाठी 'स्नायुक्षय' हा शब्द वापरला जातो. त्यातील 'क्षय' या पदामुळे काही कुटुंबांचा गैरसमज होतो. परंतु क्षयरोगाशी या विकाराचा काहीही संबंध नाही आणि तो संसर्गजन्यही नाही.

उपचारांविना आधाराशिवाय कधीच बसू न शकणारी बालके पहिल्या प्रकारात, बसू शकणारी परंतु स्वतंत्रपणे न चालणारी दुसऱ्या, तर चालू शकणारी तिसऱ्या प्रकारात मोडतात. पोषणाचे प्रश्न या क्रमानुसार बदलत जातात.

तक्ता काय सांगतो, काय सांगत नाही

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जाहीर केलेली वाढीची मानके भारतासह सहा देशांतील निरोगी बालकांच्या मोजमापांवर आधारलेली आहेत. भारतातून त्यासाठी दक्षिण दिल्लीतील बालकांची निवड करण्यात आली होती. अंगणवाडीतील तक्ताही याच मानकांवर बेतलेला आहे. निरोगी बालकाच्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो, तर एस.एम.ए.ग्रस्त बालकात नेमका तोच वाटा घटलेला असतो. त्यामुळे केवळ तक्त्यातील मधली रेषा गाठण्यासाठी आहार वाढविल्यास स्नायू वाढत नाहीत. वाढते ती चरबी.

उंची मोजणेही सोपे नसते. पाठीचा कणा वाकडा झालेला असतो, गुडघे व नितंबांचे सांधे आखडलेले असतात. अशा वेळी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी मोजून उंचीचा अंदाज बांधला जातो. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा, त्याच पद्धतीने काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या नोंदींचा कल अधिक विश्वसनीय मानला जातो. बालकाची रेषा सलग खाली घसरत असेल किंवा एकाएकी वर चढत असेल, तर दोन्ही बाबींची दखल घेणे आवश्यक ठरते.

गिळण्यातील अडचणी

पहिल्या प्रकारातील बालकांमध्ये चोखणे, चावणे व गिळणे या तिन्ही क्रिया दुबळ्या होतात. एकेका वेळच्या आहाराला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे, दूध पिताना दम लागणे, खाल्ल्यानंतर आवाज ओलसर किंवा घरघरता येणे आणि वारंवार न्यूमोनिया होणे ही धोक्याची लक्षणे होत. अन्नाचा अंश श्वासनलिकेत जात असूनही बालकाला खोकला येईलच असे नाही, कारण खोकण्यासाठी लागणारे स्नायूही क्षीण झालेले असतात. म्हणूनच केवळ निरीक्षणावर विसंबून न राहता क्ष-किरणांच्या साहाय्याने गिळण्याची चलत्‌चित्र तपासणी करण्याची शिफारस केली जाते. गिळणे अंशतः शाबूत असल्यास डोके व मान यांना आधार देऊन मऊ, एकजीव अन्न दिले जाते. कण्हेरी, गुरगुट्या भात किंवा नाचणीची गाळलेली लापशी हे पदार्थ काहींना चालतात; चिवडा, शेंगदाणे, कोरडी पोळी यांसारखे पदार्थ मात्र टाळावे लागतात. अन्न किती घट्ट असावे, हे तपासणीनंतरच ठरविणे इष्ट.

तोंडाने पुरेसे अन्न जात नसेल तर सुरुवातीस नाकातून आणि दीर्घकाळासाठी पोटाच्या त्वचेतून थेट जठरात बसविलेल्या नळीद्वारे आहार दिला जातो. अनेक पालकांना ही नळी म्हणजे पराभव वाटतो, हे समजण्यासारखे आहे. तथापि, बालक अतिशय अशक्त होण्यापूर्वीच हा निर्णय घेतल्यास शस्त्रक्रियेतील जोखीम कमी राहते, आणि गिळणे सुरक्षित असल्यास नळी असतानाही तोंडाला चव देता येते. एका वेळी पोट तुडुंब भरणे मात्र हितावह नसते. ही बालके मुख्यतः छाती व पोट यांमधील पडद्याच्या बळावर श्वास घेत असल्याने फुगलेले पोट त्या पडद्याला वर ढकलते. पोटाच्या दुबळ्या स्नायूंमुळे जडणारा बद्धकोष्ठही याच कारणाने श्वासाला जाचक ठरतो.

लंघन नको

ताप किंवा जुलाब झाल्यास लंघन करविण्याची रूढी आपल्या देशात सर्वदूर आढळते. एस.एम.ए.ग्रस्त बालकासाठी ती घातक ठरू शकते. उपाशी असताना निरोगी शरीर स्नायूंमधील साठ्याच्या आधारे रक्तातील साखर टिकवून धरते. या बालकांकडे तो साठाच अत्यल्प असतो; शिवाय मेदाम्लांच्या चयापचयातही बिघाड आढळतो. परिणामी, काही तासांच्या उपासानेही साखर घसरू शकते. आजारपणात, तसेच शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपाशी काळात गरजेनुसार शिरेतून साखरयुक्त द्रव देण्याची दक्षता घेतली जाते. नव्या डॉक्टरांकडे जाताना पालकांनी ही बाब आवर्जून व सर्वप्रथम सांगावी.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारात प्रश्न बहुधा उलट होतो. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या बालकाची ऊर्जेची गरज समवयस्कांपेक्षा कमी असते. त्यात आजी-आजोबांचा लाडाचा घास जास्तीचा पडतो. वाढलेल्या वजनाचा भार दुबळ्या स्नायूंवर येतो आणि चालू शकणारे मूल लवकर चालेनासे होण्याची भीती असते. ऊर्जा आटोक्यात ठेवताना प्रथिने, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांत कपात होता कामा नये, कारण हालचालीअभावी हाडे आधीच ठिसूळ झालेली असतात.

उपचार आणि वजन

नुसिनर्सेन या औषधास अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये, एकदाच द्यावयाच्या जनुकोपचारास मे २०१९ मध्ये, तर तोंडावाटे किंवा आहारनळीतून देता येणाऱ्या रिस्डिप्लामला ऑगस्ट २०२० मध्ये मान्यता मिळाली. जनुकोपचाराची मात्रा बालकाच्या वजनानुसार ठरते. रिस्डिप्लामच्या बाबतीतही वीस किलोपर्यंत वजन आणि वय पाहावे लागते. त्यामुळे अचूक वजनाची नोंद ही उपचारांचीही निकड बनली आहे. उपचारांनी बसू लागलेल्या बालकांपैकी अनेकांचे गिळणे त्याच प्रमाणात सुधारत नाही, हेही दिसून आले आहे. म्हणून आहारतज्ज्ञांच्या भेटी उपचारांनंतरही चालू ठेवाव्या लागतात.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजारविषयक राष्ट्रीय धोरणात एस.एम.ए.चा समावेश असून, मुंबईतील के.ई.एम. रुग्णालय हे त्याअंतर्गत निवडलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. १ एप्रिल २०२३ पासून, या धोरणात नमूद आजारांसाठी वैयक्तिक वापराकरिता आयात केलेल्या औषधांप्रमाणेच विशेष वैद्यकीय आहारालाही मूलभूत सीमाशुल्कातून पूर्ण सूट देण्यात आली. त्यासाठी केंद्रीय किंवा राज्याचे आरोग्य सेवा संचालक, जिल्हा वैद्यकीय अधिकारी अथवा जिल्हा शल्यचिकित्सक यांचे प्रमाणपत्र आवश्यक ठरविण्यात आले.