अवोदा
अमेरिकेतील ज्यू तरुणांची सेवासंस्था. रब्बी (ज्यू धर्मगुरू) डेव्हिड रोझेन यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये न्यूयॉर्क येथे तिचे काम सुरू झाले. पुढे वॉशिंग्टन, शिकागो व न्यू ऑर्लीन्समध्येही शाखा निघाल्या.

विशीतले तरुण-तरुणी येथे वर्षभर दारिद्र्यनिर्मूलनाचे पूर्णवेळ काम करतात. कोणी बेघरांना निवारा मिळवून देणाऱ्या संस्थेत, कोणी मोफत कायदेशीर मदत केंद्रात, तर कोणी आरोग्यसेवेत. हातात पैसा बेताचाच येतो.

खरी कसोटी मात्र घरी लागते. प्रत्येक शहरातील तरुण गटाने एकत्र घरात राहतात. त्यांत काटेकोर धर्माचरण करणारे असतात, तसेच सिनेगॉगची (प्रार्थनामंदिराची) पायरी क्वचितच चढणारेही. स्वयंपाकघरात कोशर हे ज्यू आहारनियम कितपत पाळायचे, शब्बाथ हा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस कसा साजरा करायचा, हे त्यांनाच आपसांत ठरवावे लागते आणि ते दर वेळी गोडीगुलाबीने ठरतेच असे नाही! शिवाय अभ्यासवर्ग असतात. शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राखण्याची तोराह या धर्मग्रंथातील आज्ञा आणि आजची घरभाडी, वर्णभेद, तुरुंगव्यवस्था हे विषय तेथे शेजारीशेजारी चर्चिले जातात. दानधर्मापेक्षा गरिबीच्या कारणांवर दिलेला हा भर संस्थेचे वेगळेपण ठरला आहे.